कपाटातले देव आणि पलटणीचे बूट

वैशाखाचं ऊन चढलं की माझा उजवा खांदा शिवशिवायला लागतो. घरच्यांना वाटतं वारा बाधला, डॉक्टरांना वाटतं वय झालं. मला मात्र पक्कं ठाऊक असतं की आकुर्डीतल्या कुठल्या तरी गल्लीत एक ट्रक मागचं फळकं पाडून उभा आहे आणि कोणीतरी कोणाला तरी सांगतंय, जरा तिरकं घे, तिरकं. परीक्षा संपलेल्या असतात, शाळा बदलायला पोरं मोकळी झालेली असतात, साहेबलोकांच्या बदल्या झालेल्या असतात. आंब्यांचा जसा मोसम असतो तसा बिऱ्हाडं हलण्याचाही असतो, आणि दोन्ही एकाच वेळी पिकतात.

आज सकाळी समोरच्या इमारतीतून एक बिऱ्हाड निघालं. सामान हलवणारी पोरं एकाच निळ्या रंगाच्या कपड्यांत, हातांत रबरी मोजे, कमरेला रुंद पट्टे, पायांत जाडजूड बूट. फ्रीजला त्यांनी फुगेवाल्या प्लास्टिकचा अंगरखा घातला होता. माझ्या मुंजीत मलाही इतक्या प्रेमानं कोणी गुंडाळलं नव्हतं. मी गॅलरीच्या कठड्याला पोट टेकवून उभा राहिलो आणि राहवलं नाही म्हणून वरूनच सूचना द्यायला सुरुवात केली. कोपरा सांभाळ, कडी बघ, मागच्याला पायरी सांग. एका पोरानं वर पाहिलं आणि "काका, टेन्शन नका घेऊ" म्हणाला. मग सूनबाईनं मला आत बोलावून चहा दिला. आमच्या घरात मला गप्प करायचं असलं की चहा देतात.

त्या पोराला कोण सांगणार की याच भागात, एकोणीसशे पंचावन्नच्या आसपास, असल्या सूचना देण्याचा मला पगार मिळत होता. आणि माझ्या सूचनांतून जी माणसं धड वाचली, ती बहुतेक सूचना न ऐकल्यामुळे वाचली.

तेव्हाची पिंपरी म्हणजे मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला ज्वारीची धसकटं, बाभळी आणि त्यांच्यामधून एकदम आभाळात घुसलेलं कारखान्याचं धुराडं. औषधांचा कारखाना. कारखान्याच्या शेजारी कामगारांची आणि साहेबांची नवी वसाहत उठत होती. ओल्या सिमेंटचा वास, चुन्याचा वास, तापलेल्या पत्र्याचा वास. झाडं लावलेली होती, पण त्यांची सावली एखादी चिमणी कशीबशी बसेल एवढी. रोज एखादं बिऱ्हाड यायचं. मुंबईहून, नागपूरहून, सोलापूरहून. कोणी रेल्वेनं, कोणी घाट चढून लॉरीनं. मॅट्रिक झालेला, चष्मा लावणारा आणि दुसरं काहीही न येणारा मी सामान वाहणाऱ्या एका मालकाकडे देखरेखीला लागलो होतो. मालकाची एक लॉरी, थोड्या बैलगाड्या आणि एक टोळी. चष्म्यामुळे टोळीनं मला मास्तर करून टाकलं. शिकायला कोणीच तयार नव्हतं, तरी मी शेवटपर्यंत मास्तरच राहिलो.

पण काय दिवस होते ते. दुसऱ्याचं घर उघड्यावर बघायला मिळणं यासारखी मौज नाही. गाठोडं उचललं की नाकाला कळायचं हे कोणाचं. हिंगाचा वास आला तर कोकणातले, डांबराच्या गोळ्यांचा आला तर साहेब, पेंढ्यात लपवलेल्या आंब्यांचा आला तर सखाराम मुकादम म्हणायचा की हे गाठोडं सगळ्यात शेवटी उतरवा, जरा सावलीत ऱ्हाऊ द्या. शिवणाची मशीन, पेटी, पाळणा, सासऱ्यांचा काठीसकट फोटो. बायका टांग्यातून उतरायच्या आणि आधी घराकडे नाही, तर आपल्या सामानाकडे अशा बघायच्या की जणू गर्दीत हरवलेलं पोर सापडलं. मला रोज सकाळी उठल्या उठल्या वाटायचं, आज कोणाचं कपाट येणार. एवढ्या हुरूपानं मी पुढे लग्नालाही उभा राहिलो नाही.

टोळीचा मुकादम सखाराम. चिंचवडजवळच्या जुन्या वाडीतला, अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखा, पण वजन कुठं बसतं ते त्याला नुसतं बघून कळायचं. आणि टोळीचा कणा म्हणजे ज्ञानबा. पायरी चढताना खालच्या बाजूला, जिथं सगळं ओझं येतं, तिथं ज्ञानबा. हा ज्ञानबा वसाहतीत सामान वाहताना मधूनच थांबायचा आणि एखाद्या बाईला सांगायचा, "बाई, ह्या खोलीत हरबरा लई ग्वाड यायचा." बाई गोंधळायची. खरं होतं ते. वसाहतीचा एक तुकडा त्याच्याच जमिनीवर होता, आणि उरलेली जमीन कारखान्याच्या भिंतीआड गेली होती. रान गेलं होतं, बैल विकले होते, घरात आई, बायको आणि दोन लेकरं होती. जमिनी गेलेल्यांच्या घरातल्या एकेकाला कारखान्यात घ्यायचं ठरलं होतं, पण डॉक्टरनं पास केलं तर. आणि शेजारच्या वाडीतल्या एकाला करंगळी वाकडी म्हणून परत धाडलं अशी बातमी सगळीकडे फिरत होती. खरी की खोटी, देव जाणे, पण तिनं ज्ञानबाची झोप उडवली होती. वैशाखाच्या शेवटी त्याची तपासणी. तोवर पोटाला भाकरी हवी म्हणून ओझी वाहायची, आणि ओझी वाहताना एकही बोट चेंगरून घ्यायचं नाही. हात की पाय, करंगळी की अंगठा, काहीही मोडलं असतं तर नोकरी गेली असती. रान तर आधीच गेलेलं.

म्हणून तो उन्हाळा म्हणजे अख्ख्या टोळीनं ज्ञानबाची बोटं राखण्याचा उन्हाळा होता. सखारामचा एक नियम होता, आणि तो त्यानं टोळीला इतक्यांदा ऐकवला होता की बैलांनाही पाठ झाला असेल: वस्तू हातातून सुटली की सुटली. मधे हात घालायचा नाही, पाय घालायचा नाही, बाजूला उडी मारायची. "कपाट दुसरं मिळतंय. बोट कुटं मिळतंय का बाजारात, आं?"

एवढं पुरेसं होतं. पण तेवढ्यात कारखान्याच्या फाटकाशी मी एक पाटी वाचली. तिच्यावर टोपी घातलेला एक कामगार हसत होता आणि खाली लिहिलं होतं की आधी सुरक्षितता, मग काम. झालं. मी भारावून गेलो. हसणारा तो माणूस मला रात्रंदिवस दिसू लागला. ज्ञानबाला वाचवायचं तर ते शास्त्रशुद्ध वाचवायचं, असं मी ठरवलं आणि एक शिटी विकत आणली.

आखूड शिटी म्हणजे उचला, लांब म्हणजे ठेवा. ओरडाओरड नको, गोंधळ नको. दोन दिवस टोळीनं चेष्टा केली, तिसऱ्या दिवशी शिस्त लागली. मी धन्य झालो. मग आम्ही स्टेशनावर एका नागपूरकरांची सागवानी पेटी उतरवून घ्यायला गेलो. पेटी चौघांच्या खांद्यावर, मी पुढे, उलटा चालत, हात हलवत रस्ता दाखवतोय, आणि शेजारच्या रुळावरच्या गार्डानं आपल्या गाडीला लांबलचक शिटी दिली. टोळीनं पेटी ठेवली. जिथं होती तिथंच, म्हणजे माझ्या डाव्या पायावर. माझी आज्ञा इतक्या तंतोतंत पाळली गेली असा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग. सखारामनं माझ्या गळ्यातली शिटी काढून घेतली आणि एका बैलाच्या गळ्यात बांधली. ज्ञानबा मात्र माझ्या पायाशी बसून माझी बोटं हळूहळू दाबून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं की तो मनात म्हणतोय, बरं झालं, मास्तरांची आहेत.

मग आरशाचा प्रकार. एका साहेबांच्या घरचं मोठ्या आरशाचं टेबल बैलगाडीवर चढवलं होतं. आरसा आतल्या बाजूला ठेवायची टोळीची पद्धत. मी म्हटलं, आरसा बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे काय जवळ येतंय ते दिसेल आणि धक्का लागणार नाही. दुपारचं ऊन. समोरून कांद्यांनी भरलेली गाडी येत होती. आरशानं सूर्य उचलला आणि थेट त्या बैलांच्या डोळ्यांत ओतला. बैलांनी क्षणभर विचार केला, आणि रस्ता सोडून कांद्यांसकट नांगरटीत उतरले. गाडीवान तणतणत आला, आरशात आपलं रागावलेलं तोंड दिसताच थबकला, पटका नीट केला, मिशा पुसल्या आणि मग मला शिव्या दिल्या. त्या शिव्यांतून मी दोन नवे शब्द शिकलो. कांदे गोळा करायला आम्हा सगळ्यांना वाकावं लागलं. ज्ञानबा सोडून, त्याची कंबर मोलाची होती.

पण बूट हे माझं खरं यश. देहूरोडच्या जुन्या बाजारात पलटणीतून टाकून दिलेले बूट ढिगानं मिळायचे. मालकाच्या मागे लागून मी टोळीसाठी घेतले. जोडीला जोड नव्हती. ज्ञानबाचा एक बूट गोऱ्या सार्जंटाच्या पायातला असावा आणि दुसरा त्याच्या स्वयंपाक्याच्या. सखारामला ते मुळीच पसंत पडलं नाही. पायाला डोळे असतात, त्यांना झापडं कशाला बांधायची, असं त्याचं म्हणणं. पहिले काही दिवस टोळी नव्यानं चालायला शिकल्यासारखी पाय उचलून टाकत होती. वसाहतीतली पोरं मागे मागे चालून नक्कल करायची.

मग एके दिवशी गाडीतून पाटा घसरला. मसाला वाटायचा काळा, पिढीजात पाटा. नेमका ज्ञानबाच्या डाव्या पायावर. बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले असं मला अजून वाटतं. ज्ञानबानं पाटा बाजूला केला. बुटाच्या टोकाला खोक पडली होती. तो खाली बसला, नाडी सोडली, बूट काढला आणि पायाकडे बघत राहिला. मग त्यानं अंगठा हलवला. मग बाकीची बोटं हलवली, एखाद्या तान्ह्या पोराला खेळवावं तशी, पुन्हा पुन्हा. सखाराम त्या पाट्यावरच मटकन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर बूट ओळीनं मांडलेले आणि प्रत्येकाच्या टोकाला हळदकुंकू. मला इतका आनंद झाला की त्या भरात मीही नमस्कार केला. माझ्या हातून एकदा तरी काही बरोबर झालं होतं.

एक भांडण मात्र मिटत नव्हतं, ते म्हणजे देवांचं. नव्या घरात आधी देव जाणार, उंबऱ्यावर नारळ फुटणार, दूध उतू जाणार, तांदूळ उधळले जाणार, आणि मग सामान. असा प्रत्येक बाईचा आग्रह. त्यात चूक काय? काहीच नाही. फक्त नारळाचं पाणी, दूध आणि तांदूळ अशा तिन्ही गोष्टी पसरलेल्या गुळगुळीत नव्या फरशीवरून जड कपाट घेऊन चालून दाखवा. आमचा एक गडी तांदळावरून घसरून असा आपटला होता की महिनाभर त्याला बसा म्हटलं तरी राग यायचा. म्हणून सखारामचा हट्ट: नारळाच्या आधी जड सामान आत. बायकांचा हट्ट: देवांच्या आधी काही नाही. रोज दाराशी दोन पक्ष, आणि मधे चष्मा पुसत उभा मी.

लिमयेकाकू आल्या त्या दिवशी हे भांडण पेटलं. काकू गिरगावातून आलेल्या. लिमये कारखान्यात हिशेबनीस. काकूंचा आवाज असा की चाळीच्या चौथ्या मजल्यावरून भाजीवाल्याशी घासाघीस केलेली लगेच कळावी. त्यांचं शिसवी कपाट सासूबाईंकडून आलेलं, वर कोरलेले मोर, आणि वजन असं की उतरवताना लॉरीनं सुटकेचा निःश्वास टाकला. त्या दिवशी टोळीतला एक गडी बहिणीच्या लग्नाला गेलेला. आणि तपासणी दोन दिवसांवर आली होती. ज्ञानबाला सखारामनं घरीच बसायला सांगितलं होतं, पण घरी आई दर घटकेला पाय बघायला मागते म्हणून तो वैतागून आला होता. आम्ही त्याला केरसुणी, रोवळी, चाळण असलं काही वाहायला दिलं होतं. एवढा मोठा गडी हातात चाळण घेऊन मिरवणुकीत चालल्यासारखा ये-जा करत होता.

कपाटाला मात्र चौघं लागत होते आणि खालच्या बाजूला त्याच्यासारखा कोणी नव्हता. सखारामनं बराच विचार केला. पायऱ्या चारच, कोरड्या, पायांत बूट. नारळ फुटायच्या आत कपाट नेऊ आणि ज्ञानबाच्या शेजारी मीच धरतो, असं तो म्हणाला.

काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. "माझे देव बाहेर उन्हात, आणि कपाट घरात? हे नाही जमायचं."

"मंग आमचं बी न्हाई जमायचं," सखाराम म्हणाला आणि पायरीवर बसला.

मी डोळे मिटले. असं म्हणतात की मोठ्या माणसांना मोठ्या कल्पना एकदम सुचतात. मलाही सुचली. देव कपाटात ठेवू या. कपाट आत गेलं म्हणजे देव आत गेले. देवांच्या आधी काही गेलं नाही आणि नारळाच्या आधी कपाट गेलं. दोन्ही पक्ष माझ्याकडे बघत राहिले. विरोध करायला दोघांनाही जागा सापडेना. काकूंनी सोवळ्याच्या कापडात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम आणि घंटा असं सगळं गुंडाळून मधल्या खणात ठेवलं, दारं लावली, कपाटाला नमस्कार केला आणि घाईनं आत गेल्या. मला वाटलं, देशादेशांच्या वाटाघाटींना आपल्याला बोलवायला हरकत नाही.

टोळी कपाटाशी आली. सखारामनं कपाटाकडे पाहिलं. मग खाली बसला आणि बुटाच्या नाड्या सोडल्या. ज्ञानबानं सोडल्या. पुढच्या दोघांनी सोडल्या. आत देव होते, आणि देवांना बूट घालून कोण उचलणार? चौघं अनवाणी झाले. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. सुरक्षिततेचा मी सोल एजंट काय करत होतो? मी माझ्या चपला काढून, हात जोडून उभा होतो.

कपाट उचललं. पुढचे दोघे उलटे पायऱ्या चढू लागले, खाली ज्ञानबा आणि सखाराम. पहिली पायरी, दुसरी. वरच्या पायरीवर पुढच्यांचे पाय लागले आणि काकू आतून तांब्या घेऊन आल्या. आपल्या दारी देव येतात आणि आपण त्यांच्या पायांवर पाणी घालत नाही, असं कुठल्या घरात झालंय? काकूंनी पुढच्या दोघांच्या पायांवर मनोभावे तांब्या रिकामा केला. पाणी नव्या गुळगुळीत सिमेंटवरून एकेक पायरी उतरत खाली ज्ञानबापर्यंत गेलं.

पुढच्या दोघांतला एकजण पाय घसरून खाली बसला. त्याच्या बाजूचा कोपरा पायरीवर आदळला, आणि कपाट रुळावर ठेवल्यासारखं खाली सरकायला लागलं.

"सोड," सखाराम ओरडला, "सोड ज्ञानबा."

ज्ञानबानं सोडलं नाही. त्यानं दोन्ही हात लावले, खांदा लावला, छाती लावली. वस्तू असती तर त्यानं केव्हाच उडी मारली असती. पण ती वस्तू नव्हती. आणि गंमत म्हणजे सोड सोड म्हणणारा सखाराम स्वतःही सोडत नव्हता. दोघांच्या अनवाणी टाचा ओल्या पायरीवरून मागे मागे येत होत्या, आणि कपाटाचा शिसवी पाया त्यांच्या बोटांपासून एक वीत राहिला होता. मला ती बोटं अजून दिसतात. पांढरी पडलेली, सिमेंटला पकडू बघणारी.

माझ्या तोंडून जे आलं ते मी ठरवून बोललो असं म्हणायला आवडेल, पण तसं नव्हतं. मी नुसता ओरडलो.

"देव आत नाहीत. मी काढून घेतलेत. देव माझ्या खिशात आहेत."

दोघं बेडकांसारखे दोन बाजूंना उडाले. कपाट पायऱ्या उतरलं आणि जिथं दोघांचे पाय होते तिथं खाली बसलं. पायरीचा टवका उडाला. मोराची चोच तुटली. आणि आतून, अगदी स्वच्छ, घंटा वाजली.

एकच ठोका. पण दुपारची वेळ, सगळं शांत. वसाहतीच्या टोकापर्यंत ऐकू गेला असेल. सखाराम माझ्या खिशाकडे बघत होता. ज्ञानबा आपल्या पायांकडे बघत होता. माझ्या खिशात सुपारीची डबी होती.

काकू पायऱ्या उतरून आल्या. मला वाटलं, आता गिरगावचा आवाज कारखान्याच्या भोंग्याला मागे टाकणार. पण त्यांनी आधी टवका उडालेली जागा पाहिली, मग तिच्या शेजारी ज्ञानबाचे पाय पाहिले. बराच वेळ पाहिले. मग आमच्याकडे पाठ करून कपाटाची दारं ओढून उघडली, पदराआड काहीतरी घेतलं आणि वळून अगदी गंभीर चेहऱ्यानं मला म्हणाल्या, "बरं केलंत मास्तर, वेळीच काढून घेतलेत. दमले असतील हो खिशात." आणि पदराखालून घंटा पुन्हा किणकिणली, तेव्हा खोकल्या.

मग त्यांनी पदराच्याच टोकानं पायऱ्या पुसल्या, सगळ्यांना बूट घालायला लावले, आणि देव मांडीवर घेऊन समोरच्या काडीएवढ्या झाडाच्या सावलीत, म्हणजे उन्हातच, बसून राहिल्या. शेवटची चाळण आत जाईपर्यंत. शेजारणी विचारायला आल्या की हे काय भलतंच. तर काकूंनी त्यांना सुनावलं, पाहुणे बोलवायच्या आधी घर लावायचं असतं की पाहुण्यांनाच पलंग ओढायला लावायचे असतात? मग देव काय पाहुण्यांहून कमी? हा युक्तिवाद वसाहतभर गेला. त्या मोसमात पुढे जी जी बिऱ्हाडं आली, त्यांत आधी कपाटं, पलंग, पाटा-वरवंटा, आणि सगळ्यात शेवटी, मानानं, कोरड्या फरशीवरून देव. आम्ही महिनाभर भांडून जे साधलं नव्हतं ते काकूंनी उन्हात बसून साधलं. माझ्या वाटाघाटींचं मात्र कोणी नाव काढलं नाही.

पण त्या दोन दिवसांत मला चैन नव्हतं. ज्ञानबाच्या टाचेला खरचटलं होतं. खरचटणं डॉक्टर धरतात की नाही? हात मुरगळला असेल तर? मी दिवसातून चारदा त्याच्या घरी जाऊन पाय बघायला लागलो. शेवटी त्याच्या आईनंच मला सांगितलं की आता मी बघत न्हाई, तुमीबी नका बघू, त्यो झिजंल.

तपासणीच्या सकाळी कारखान्याच्या फाटकासमोर बाभळीखाली आम्ही सगळे उभे होतो. लॉरी भरलेली, सोलापूरचं एक बिऱ्हाड खोळंबलेलं, मालक घड्याळाकडे बघतोय. कोणी हललं नाही. लिमयेकाकूही छत्री घेऊन तिथंच होत्या. भाजी आणायला निघाले होते म्हणाल्या, पण भाजीवाला त्या रस्त्याला कधीच बसत नव्हता. ऊन चढत गेलं. आत गेलेले एकेक बाहेर येत होते, कोणी हसत, कोणी मान खाली घालून झपाझप घराकडे. प्रत्येक वेळी फाटक वाजलं की सखाराम उभा राहायचा आणि पुन्हा बसायचा.

ज्ञानबा आला तो अगदी शेवटी. चेहऱ्यावरून काही कळेना. आला, बाभळीखाली बसला, माठातलं पाणी घेतलं, प्यायला, तोंड पुसलं. फाटकाच्या आत, जिथं भिंत सुरू होते तिकडे बघत राहिला. तिथं पलीकडे त्याचा ज्वारीचा पट्टा होता.

"आरं बोल की," सखाराम म्हणाला. त्याचा आवाज मी तेवढा बारीक कधी ऐकला नव्हता.

"घेतला."

सखारामनं ज्ञानबाच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि मग कशाला घातली हे न कळून परत त्याला दिली. काकूंनी छत्री मिटली आणि उन्हात उभ्या राहिल्या. मी चष्मा पुसायला लागलो, आणि तो काही केल्या पुसला जाईना.

"डॉक्टरनं काय काय बघितलं रे?" मी विचारलं.

"समदं. हाताची बोटं वढून बघितली, पायाची बी. टाच बघितली. मंग इचारलं, हमाली करतोस आन् एक बी बोट कसं मोडलं न्हाई?"

"मग तू काय सांगितलंस?"

ज्ञानबानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच हसला.

"म्हनलो, सायेब, आमचं मास्तर खोटं लई येळंवर बोलत्यात."